दातास दात, आट्यास आटा

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मजल दरमजल करीत हैदराबादेकडे जाणारा जो लोहमार्ग निजाम सरकारच्या मुलखात पडला, तो मीटरमापी होता. आणि मनमाडास त्याला येऊन भिडणारा मुंबईकडचा मार्ग मात्र रुंदमापी, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुळांतराचा. दोन्ही मार्ग आपापल्या जागी निर्दोष होते. तथापि एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढणे अशक्य असल्यामुळे जालन्याहून मुंबईस निघालेल्या उतारूस मनमाडच्या फलाटावर बोचक्यासह उतरावे लागे, आणि मालास हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जावे लागे. ही पीडा १९९० च्या दशकात रूळ बदलले तेव्हाच संपली. कोणतीही एक वस्तू सदोष नसताना केवळ माप न जुळल्यामुळे संपूर्ण व्यवहाराचा खोळंबा कसा होतो, याचे इतके ठसठशीत उदाहरण मराठवाड्यास दुसरीकडे शोधावयास नको. आणि ज्याला सुटे भाग जमवून फिक्स्ड गियरची सायकल स्वतः बांधावयाची आहे, त्याने पान्याला हात लावण्यापूर्वी ते मनाशी पक्के करून ठेवावे.

आपल्या नित्याच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते; त्यामुळे पाय थांबले तरी चाक धावत राहते, आणि उतारावर आतल्या खटक्यांचा तो परिचित किरकिराट ऐकत स्वारास निवांत बसता येते. फिक्स्ड गियरच्या सायकलीत ही सवलत नाही. तिच्या मागच्या चाकाचे दंतचक्र, ज्याला या छंदातले लोक कॉग म्हणतात, हबवर अढळ बसविलेले असते. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार, आणि पायडलवर मागे जोर दिला की चाक मंदावणार. १८९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रीव्हीलचा प्रसार होईपर्यंत बहुतेक सायकली अशाच होत्या. तूर द फ्रान्सच्या आरंभीच्या पर्वात मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या दातांची चक्रे बसवून, घाटाच्या पायथ्याशी चाक काढून उलटे लावण्याची चाल होती. गियर बदलणाऱ्या यंत्रास त्या शर्यतीत मंजुरी मिळाली ती १९३७ साली. आज ही सायकल प्रामुख्याने व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे उतरत्या कडांच्या लंबगोल धावपट्टीवर दिसते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत अशी धावपट्टी आहे. जपानात १९४८ पासून चाललेली केइरिन शर्यत हिच्यावरच धावते. आणि २०१९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट ॲन डेर ओडर येथे भारताच्या कनिष्ठ गटातील तिघा तरुणांनी सांघिक स्प्रिंटचे जागतिक सुवर्णपदक पटकावले, तेही याच जातीच्या सायकलींवर.

जालना जिल्ह्यात व्हेलोड्रोम नाही. तरीही या सायकलीचा विचार करण्यास जालन्यासारखी दुसरी जागा नाही, असे माझे मत आहे, आणि त्यास कारण आहे. कुंडलिका नदीच्या एका तीरास कदीम जालना आणि दुसऱ्या तीरास नवा जालना अशी या शहराची जुनी वाटणी. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणे हा या शहराचा मोठा व्यवसाय. दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या त्या भंगारात जुनी काळी सायकल हमखास असते. सेन-रॅले, हिंद, ॲटलस, हिरो, एव्हन, हर्क्युलिस या नावांच्या, तासावर भाड्याने फिरलेल्या, नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला मिरविलेल्या, दुधाच्या कॅना वाहून दमलेल्या त्या सायकली भट्टीच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी भंगाराच्या दुकानात काही काळ पडून असतात. त्यांची पोलादी फ्रेम वजनाने जड, पण आयुष्याने दीर्घ. आणि विशेष म्हणजे फिक्स्ड गियरास अत्यावश्यक असे एक अंग तीत मुळातच असते.

ते अंग म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच. पुष्कळ काळ्या सायकलींत ही खाच आडवी आणि मागच्या अंगास उघडी असते, त्यामुळे चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. चेन ॲडजस्टरचा लहानसा बोल्ट त्यासाठीच असतो. उलट आधुनिक गियरच्या सायकलीत खाच उभी असते, कारण तिथे चेन ताणण्याचे काम मागच्या डिरेलरकडे, म्हणजे गियर बदलणाऱ्या यंत्राकडे, सोपविलेले असते. फिक्स्ड गियरात डिरेलर चालत नाही, कारण पायडल मागे दाबले की ताण चेनच्या खालच्या पदरावर येतो आणि डिरेलरची स्प्रिंग त्या जोरापुढे टिकत नाही. म्हणून एखाद्याने झगमगीत गियरची सायकल घेऊन तिची फिक्स्ड बनविण्याचा घाट घातला, तर त्याची दरखास्त पहिल्याच टेबलावर नामंजूर होते. आणि भंगारातील काळी सायकल मात्र पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होते.

दुसरी परीक्षा हबची, आणि ती अधिक कठोर आहे. नेहमीच्या हबवर फ्रीव्हील बसविण्यासाठी १.३७ इंच व्यासाचे, इंचास २४ असे उजवे आटे पाडलेले असतात. आणि बाजारात मिळणारा बहुतेक कॉगही त्याच आट्यांचा असतो, म्हणजे तो फ्रीव्हीलच्या जागी सहज चढतो. इथेच अनेकांचा घात होतो. पुढे पायडल मारताना उजवे आटे घट्ट होतात, पण वेग कमी करण्यासाठी मागे जोर दिला की तोच कॉग सैल होऊ पाहतो. खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे धावपट्टीच्या सायकलीसाठी घडविलेल्या हबवर, म्हणून कॉगच्या बाहेर एक पायरी आणखी असते, तिच्यावर १.२९ इंच व्यासाचे डावे आटे असतात आणि त्यांवर लॉकरिंग बसते. कॉग सैल होण्याच्या दिशेने किंचित जरी फिरला, तरी तो लॉकरिंगला त्याच दिशेने ढकलतो, आणि डाव्या आट्यांमुळे लॉकरिंग अधिकच आवळली जाते. दोन विरुद्ध दिशांच्या आट्यांनी परस्परांस जामीन राहण्याची ही तजवीज आहे. फ्रीव्हीलच्या खटक्यांवर वेल्डिंग मारून ते जाम करणे, किंवा साध्या हबवर कॉग चढवून त्यावर बी.बी.ची (बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या भागाची) उजव्या आट्यांची रिंग घट्ट करणे, असे दोन स्वस्त उपाय सर्वत्र सुचविले जातात. परंतु उजव्यावर उजवा आटा चढविला तर जामीन राहण्यास कोणी उरतच नाही, आणि भर रहदारीत पाय मागे दाबल्यावर संपूर्ण गोळा सुटून पायडल मोकळे फिरू लागते. त्या स्थितीत पुढचा ब्रेक नसेल तर स्वाराच्या हाती काहीच राहत नाही.

कदीम जालन्यातील एका दुकानात वयोवृद्ध कारागिरासमोर असा एक हब ठेवला, तेव्हा त्यांनी प्रथम पाना बाजूस सारला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हब उजेडाकडे धरला, आट्यांवरची धूळ रॉकेलच्या बोळ्याने पुसली, आणि कॉग दोन बोटांत धरून आधी उलट्या दिशेने अर्धा फेरा फिरविला. आट्याचे तोंड तोंडाशी आले की जो बारीकसा ठोका लागतो, तो लागताच त्यांनी दिशा बदलली. कॉग विनातक्रार चढत गेला. मग लॉकरिंग घेतली, सवयीने उजवीकडे फिरविली, ती अडली, आणि ते हसले. “उस्ताद, ही डाव्या आट्याची आहे,” असे मी म्हणण्याआधीच त्यांनी ती उलट फिरवून तळाशी नेली होती. “साहेब, आटा बोटांनी बसला पाहिजे,” ते म्हणाले, “बोटांना नाही म्हणाला आणि पान्याला हो म्हणाला, की समजा जोडी चुकली.” लॉकरिंगच्या मापातही पाठभेद आहेत, हे येथेच नमूद केले पाहिजे: काही नामांकित इटालियन व अमेरिकन हबांवर ती १.३२ इंचांची असते, आणि फ्रेंच घराण्याच्या जुन्या हबांवर कॉगचे आटेच मिलिमीटरमध्ये असतात. देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, तरी सायकलीच्या आट्यांवर इंचाचा अंमल आजतागायत अबाधित आहे.

हबची रुंदी हा तिसरा मुद्दा. ट्रॅक हब मागच्या खाचांमध्ये १२० मिलिमीटर जागा मागतो. काळ्या सायकलीत ती बहुधा याहून कमी असते, आणि जुन्या रोड सायकलीत १२६ वा १३०. फ्रेम पोलादाची असेल तर जाणता कारागीर दोन्ही दांड्या सारख्या प्रमाणात किंचित उघडू वा मिटू शकतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये.

आता चेनकडे वळू. चेनच्या दोन पिनांमधील अंतर जगभर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याबाबत तकरार नाही. भेद आहे तो रुंदीत. काळ्या सायकलीची चेन आणि ट्रॅकची चेन एक अष्टमांश इंच रुंदीच्या असतात, तर गियरच्या सायकलीचे चेनव्हील व कॉग तीन बत्तिसांशांचे. रुंद चेन अरुंद दातांवर चालते, थोडी खडखडते एवढेच. अरुंद चेन रुंद दातांवर मात्र बसतच नाही. म्हणून लुधियानाहून आलेली साधी एक अष्टमांशाची चेन या कामी बाजारातील पुष्कळ महागड्या चेनांपेक्षा निर्धास्त ठरते.

दात आणि चेन जुळले तरी चेनलाइन जुळली पाहिजे. पुढचे चेनव्हील आणि मागचा कॉग हे फ्रेमच्या मध्यरेषेपासून समान अंतरावर हवेत. ट्रॅकच्या प्रथेप्रमाणे हे अंतर ४२ मिलिमीटर. मोजण्याची रीत सोपी आहे. इंग्लिश धर्तीचे बी.बी. शेल ६८ मिलिमीटर रुंद असते. त्याच्या कडेपासून चेनव्हीलच्या दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात ३४ मिळवावे. मागे, १२० च्या हबात, ६० मधून लॉकनटच्या कडेपासून कॉगच्या दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर वजा करावे. दोन्ही उत्तरे एक-दोन मिलिमीटरच्या आत असली तर चेन शांत चालते. फ्रीव्हीलच्या सायकलीत थोडी तिरकी चेन केवळ आवाज करते. फिक्स्डमध्ये तिरकी चेन उतरली, तर ती कॉग आणि फ्रेम यांच्या मध्ये अडकून मागचे चाक जागीच आवळू शकते.

ही रेषा बिघडण्याचे स्थान बहुधा बी.बी. एक्सल असते. काळ्या सायकलीचा क्रँक कॉटर पिनेने बसतो, आणि तो घट्ट ठोकलेला असेल तर बदलण्याची घाई करू नये. ज्याने चौकोनी एक्सलचा आधुनिक क्रँक घेतला, त्याने त्या चौकोनाची जात विचारावी: जपानी जे.आय.एस. आणि युरोपीय आय.एस.ओ. या दोहोंचा उतार सारखाच दोन अंशांचा, पण टोकाची जाडी वेगळी. जपानी क्रँक युरोपीय एक्सलवर चार-पाच मिलिमीटर अधिक आत जातो, आणि उलट जोडीत तेवढाच बाहेर राहतो. डोळ्यांना जोडी निर्दोष दिसते, रेषा मात्र गेलेली असते. इंग्लिश शेलच्या उजव्या कपाचे आटे डावे असतात आणि इटालियन शेलचे दोन्हीकडे उजवे, हेही ज्यास ठाऊक नाही त्याने एक्सल उघडू नये. चेनव्हील वेगळे घ्यावयाचे असेल तर त्याच्या पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास पाहावा; ट्रॅकवर १४४ आणि रोडवर १३० मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत, आणि एकाचे दुसऱ्यावर बसत नाही. क्रँकची लांबी १६५ मिलिमीटर उत्तम, कारण वळणावर पाय थांबविता येत नसल्यामुळे लांब क्रँकचे पायडल रस्त्यास टेकून स्वारास आडवे करते.

दातांचे प्रमाण हा रसिकांच्या वादाचा विषय. साधी काळी सायकल बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दातांची असते. २८ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४६ मीटर जाते, आणि मिनिटास ६० फेरे मारले तर ताशी सुमारे वीस किलोमीटर. ट्रॅकच्या धर्तीच्या ७०० च्या चाकावर २८ मिलिमीटरचे टायर घालून ४४ आणि १७ अशी जोडी घेतली, तर एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर होतात आणि मिनिटास ८० फेऱ्यांनी ताशी सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. अंबड चौफुलीवरून अंबडकडे किंवा मंठा चौफुलीवरून मंठ्याकडे जाणाऱ्या सडकांना एवढे प्रमाण पुरेसे आहे. उत्तरेस भोकरदनच्या पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेची चाहूल लागते तिथे चढावर ते जड वाटेल, आणि उतारावर, जे नवख्यास ठाऊक नसते, हलके वाटून पाय चेनमागे धावतील. म्हणून या जिल्ह्यात ४८ आणि १५ असले शर्यतीचे प्रमाण मिरविण्यात अर्थ नाही.

प्रमाणात आणखी एक गणित दडलेले आहे. पाय आवळून मागचे चाक घसरवीत थांबण्याची सवय असणाऱ्यांचे पाय दर वेळी त्याच स्थितीत येतात, आणि त्यामुळे टायरही ठरावीक जागीच झिजते. दोन्ही आकड्यांस समान भाजकाने छेदल्यावर मागच्या कॉगचा जो आकडा उरतो, तितक्या जागी ही झीज वाटली जाते. ४८ आणि १६ या जोडीत १ उरतो, म्हणजे टायरची एकच जागा दर वेळी घासून फाटते. ४६ आणि १६ मध्ये ८. आणि ४४ आणि १७ मध्ये समान भाजकच नसल्यामुळे १७. टायरच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याने म्हणून कॉगसाठी १७ वा १३ सारखी मूळ संख्या पसंत करावी. कॉगचा एक दात कमीजास्त केला की चाक खाचेत सुमारे तीन मिलिमीटर सरकते. खाचेत तेवढा वाव आहे ना, हे आधी पाहावे. चेन मध्यभागी वरखाली सुमारे एक सेंटिमीटर हलावी: त्याहून ताठ असेल तर बेअरिंगचे छर्रे खाते, त्याहून ढिली असेल तर उतरते.

येथवर वाचलेल्यास वाटेल की हँडलचे काम किरकोळ आहे. दांडी आवडली की घ्यावी. वस्तुतः काळ्या सायकलीत सर्वांत दूरवर पोहोचणारा निर्णय हाच होय. या सायकलीचे हँडल आणि ब्रेक ही दोन नव्हेतच: ब्रेकची मूठ हँडलच्याच देहात असते, तिच्यापासून सळया खाली उतरतात, आणि ब्रेकचे रबर रिमच्या कडेवर न आदळता आतल्या अंगावर, आऱ्यांच्या बाजूने, खेचले जाते. म्हणून ते हँडल काढून त्या जागी शर्यतीचे वाकडे ड्रॉप हँडल बसविले, की ब्रेक गेला. ब्रेक हवा तर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा कॅलिपर आणावा लागतो. कॅलिपरला रिमची सपाट बाजू लागते, जी त्या जुन्या गोलसर रिमला नसते. रिम बदलून ७०० ची घेतली की तिचा व्यास ६३५ ऐवजी ६२२ मिलिमीटर होतो आणि रिमची कड ब्रेकपासून साडेसहा मिलिमीटर खाली जाते, म्हणून कॅलिपरचे हात लांब लागतात. हँडलपासून निघालेली ही फिर्याद चाकापर्यंत जाऊन पोहोचते, आणि ज्याने केवळ हँडलचा खर्च धरला होता त्याचा हिशेब कोलमडतो.

हँडलच्या मापांचाही तपशील असा. पोलादी फोर्कात उतरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्टेमची जाडी बहुधा २२.२ मिलिमीटर असते. नव्या, आट्यांविना फोर्कावर बाहेरून आवळल्या जाणाऱ्या स्टेमचे माप २८.६. स्टेम हँडलला जिथे आवळतो ती जागा २५.४, इटालियन धर्तीत २६, आणि अलीकडच्या जाड हँडलांत ३१.८. २५.४ आणि २६ यांतला फरक बोटाला लागत नाही. पण सहा दशांश मिलिमीटरचे हे अंतर बोल्टच्या जोराने भरून काढू पाहणाऱ्याचे हँडल एखाद्या चढावर, उभे राहून खेचताना, हातात फिरते. मुठीच्या जागी सरळ, रायझर आणि काळ्या सायकलीच्या हँडलांची जाडी २२.२ असते तर ड्रॉपची सुमारे २३.८, त्यामुळे एकाची ब्रेकमूठ दुसऱ्यावर चढत नाही. शिवाय व्ही-ब्रेकसाठी केलेली मूठ तार अधिक खेचते आणि कॅलिपरची कमी; ती अदलाबदल केली तर ब्रेक लागतो, पण लागावा तसा लागत नाही. मोसंबी-सरकीच्या गाड्या, रिक्षा आणि हातगाड्या यांच्या गर्दीतून जाणाऱ्याने मान वर आणि नजर लांब ठेवणारे रायझर हँडल घ्यावे. मोकळ्या सडकेवर वाऱ्याशी झुंज घेणाऱ्याने, पुढे शिंगांसारखी निघणारी बुलहॉर्न. आणि ट्रॅकचे खोल ड्रॉप हँडल व्हेलोड्रोमसाठीच राहू द्यावे, कारण त्याची खालची पकड रस्त्यावर क्वचितच उपयोगी पडते. रुंदी खांद्यांच्या हाडांमधील अंतराइतकी, बहुतेकांस ४०० ते ४२० मिलिमीटर. स्टेम फोर्कात त्यावरील खुणेपर्यंत उतरलाच पाहिजे. खुणेबाहेर राहिलेला स्टेम ओढताना फोर्काची नळी आतून फाडतो.

या सर्व पसाऱ्यातून हाती येणारा निष्कर्ष लहानसा आहे. पैसा खर्चावयाचा क्रम ठरवून घ्यावा: प्रथम डाव्या आट्यांची लॉकरिंग असलेला खरा ट्रॅक हब, शक्य तर ज्याच्या एका अंगास कॉग आणि दुसऱ्या अंगास फ्रीव्हील बसते असा दुतोंडी, म्हणजे जाताना फिक्स्ड आणि थकल्यावर चाक उलटून फ्रीव्हीलवर घरी येता येते, त्यानंतर सपाट बाजूंची रिम आणि पुढचा ब्रेक, ज्याच्याशिवाय ही सायकल सार्वजनिक सडकेवर आणू नये, त्यानंतर कॉग आणि एक अष्टमांशाची चेन, हँडल त्यानंतर, ब्रेकच्या मुठीशी जुळवून, आणि फ्रेम, जिच्यावर हौशी माणूस पहिल्याने पैसे उधळतो, ती शेवटी, भंगारातली. काळी सायकल जशीच्या तशी, तिचे मूळ हँडल व सळयांचे ब्रेक राखून, केवळ मागचे चाक बदलून फिक्स्ड करता येत असेल, तर अनेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र नव्या चाकाची रिम जुन्या मापाची आणि जुन्याच घडणीची हवी, नाहीतर मागचा ब्रेक हवेत दाबला जाईल.

बाजारास निघताना मात्र हे सर्व एका चिठ्ठीवर लिहून न्यावे: मागच्या खाचांमधील अंतर, बी.बी. शेलची रुंदी, चेनलाइन, चेनची रुंदी, हबचे आटे, स्टेमची जाडी, हँडलच्या आवळणीचे माप. दुकानदारासमोर कंपनीचे नाव घेतले, तर तो बहुधा जवळपासचे काहीतरी दाखवितो आणि आपणही ते सौजन्याने घेतो. माप सांगितले, तर त्याच्याजवळ नसल्यास तो तत्काळ नाही म्हणतो, आणि वेळेवर मिळालेला तो नकार घरी नेलेल्या निरुपयोगी भागापेक्षा स्वस्त पडतो.